माठ खरा आहे!

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद-भगिनींपुढे केलेले भाषण)



आताच खजिनदारबाईंनी वर्षाचा जमाखर्च वाचून दाखवला. त्यात अगदी शेवटी एक ओळ होती : ‘शिल्लक माल – एप्रन, नग ४०.’ ती ओळ वाचताना त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा पाहिले. तुमच्यापैकी पुष्कळजणींनीही पाहिले. चिटणीसबाईंनी मला खरे म्हणजे ‘काटकसरीचा संसार’ या विषयावर चार शब्द बोलायला सांगितले होते. पण ज्या बाईने मंडळाचे ४० एप्रन कपाटात पाडून ठेवले, तिने काटकसरीवर बोलावे हे मलाच बरे वाटेना. तेव्हा आज मी त्या ४० एप्रनांचाच हिशेब देणार आहे. तो थोडा लांबून सुरू होतो, एवढे सांभाळून घ्या.

गेल्या उन्हाळ्यात आमची नात कॉलेजातून घरी आली ती अंगात एक पांढरा टी-शर्ट घालून. त्यावर इंग्रजीत ठळक अक्षरे होती. अर्थ असा, की ‘पक्षी खरे नाहीत.’ मी दोनदा वाचले. म्हटले, “अगं, हे काय?” ती तोंडावरची सुरकुती न हलवता म्हणाली, “आजी, तुला माहीत नाही? अमेरिकेच्या सरकारने सगळे पक्षी कधीच मारून टाकले. हे दिसतात ती हेरगिरीची यंत्रे आहेत. तारेवर बसतात ना, ती वीज भरून घ्यायला!”

आता आमच्या गॅलरीत कबुतरांचे बिऱ्हाड आहे आणि त्यांच्यामागचे झाडणे-पुसणे रोज सकाळी माझ्याकडे असते. यंत्र एवढी घाण करत असेल तर ते बनवणाऱ्याची मला कीव येते. शिवाय मारुती चितमपल्लींसारख्या माणसाने ज्या विदर्भाच्या रानात उभे आयुष्य पक्षी पाहण्यात घालवले, तिथे हे ऐकायचे! मी जरा रागावलेच. तेव्हा पोरीला हसू आवरेना, आणि मग तिने खरी गोष्ट सांगितली.

ही सगळी थट्टा होती. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेतील मेंफिस शहरात स्त्रियांचा एक मोठा मोर्चा निघाला होता. तिथे पीटर मॅकइंडो नावाचा एक कॉलेजातला तरुण गंमत म्हणून हातात फलक घेऊन उभा राहिला. फलकावर हेच तीन शब्द : ‘बर्ड्स आरंट रिअल.’ कुणी विचारले की तो गंभीर चेहऱ्याने सांगायचा, की १९५९ पासून सरकार पक्षी मारते आहे आणि त्यांच्या जागी यंत्रे सोडते आहे. कुणीतरी त्याचे चित्रण केले, ते गावोगाव पसरले. मग टी-शर्ट निघाले, टोप्या निघाल्या, मेंफिसमध्ये रस्त्यावर मोठा फलक लागला. २०२१ मध्ये या मंडळींनी सॅन फ्रान्सिस्कोत ट्विटर कंपनीच्या दारात निदर्शने केली. मागणी काय, तर तुमच्या चिन्हातला पक्षी काढा! चार-पाच वर्षे त्या मुलाने सोंग सोडले नाही. शेवटी २०२१ च्या डिसेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधून त्याने उघड सांगितले, की ही चळवळ लुटुपुटीची आहे. तोवर तिचा खर्च चालत होता तो याच कपड्यांच्या विक्रीवर.

मी नातीला म्हटले, “पण हा खटाटोप कशासाठी?” ती म्हणाली, “आजी, ही मुलं लहानपणापासून भलत्यासलत्या अफवा ऐकत वाढली. कुणी म्हणतं अमकी गोष्ट खोटी, कुणी म्हणतं तमका कट आहे. वाद घालून कुणी ऐकत नाही. मग त्यांनी अफवेचंच सोंग काढलं, म्हणजे लोकांना आपलं रूप आरशात दिसेल.” आणि मग हळूच म्हणाली, “तू रोज सकाळी सगळ्यांना व्हॉट्सॲपवर निरोप पाठवतेस ना, अमुक खाल्लं की सगळे रोग जातात म्हणून, त्यावरूनच मला हा टी-शर्ट घ्यावासा वाटला.”

म्हणजे भगिनींनो, टी-शर्ट पोरीच्या अंगात होता, पण त्याचे बोट माझ्याकडे होते. त्या दिवसापासून मी निरोप पुढे धाडताना दोनदा विचार करते. तुम्हालाही फरक जाणवला असेल, निदान खजिनदारबाईंना तरी.

असली सोंगे आजचीच आहेत असे मात्र समजू नका. नातीने पुढे शोधून दाखवले. ज्या १९५९ सालाचा त्या तरुणाच्या बनावट गोष्टीत उल्लेख आहे, त्याच वर्षी अमेरिकेत ॲलन एबल नावाच्या विनोदी माणसाने एक संस्था काढली होती. तिचे म्हणणे असे, की जनावरे उघडी हिंडतात हे समाजाच्या नीतीला घातक आहे. घोड्यांना चड्ड्या आणि गाईंना परकर घाला! बक हेन्री नावाचा नट संस्थेचा अध्यक्ष बनून दूरदर्शनवर तावातावाने भाषणे देई. संस्थेचे नाव मुद्दाम असे उलटेपालटे ठेवले होते, की नीट वाचले तर अर्थ नेमका विरुद्ध निघावा. पण नीट वाचतो कोण? वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे फसली. १९६२ मध्ये सीबीएसवर वॉल्टर क्रॉन्काइट या नामांकित निवेदकाच्या बातम्यांतही ते झळकले, आणि पुढच्या वर्षी ‘टाइम’ साप्ताहिकाने बिंग फोडले. दुसऱ्यांच्या नीतीची उठाठेव करणारे त्या काळी तिकडे फार झाले होते म्हणतात. एबलने त्यांनाच गाईचा परकर नेसवला!

हे ऐकून माझ्या डोक्यात आपल्या शिवणवर्गाचा विचार आला. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्या वर्गात १४ जणी शिवतात. त्यांचे शिवण सुबक असते, पण साधे एप्रन आणि पिशव्या बाजारात दुकानापेक्षा स्वस्त विकता येत नाहीत. नागपूरला कापडाचे काही अप्रूप नाही. १८७७ मध्ये इथे एम्प्रेस मिल सुरू झाली, विणकरांच्या मागांचा खटखटाट तर त्याच्याही आधीचा. मिल आता राहिली नाही, पण सुताची पारख गावात राहिली आहे. नुसते चांगले शिवले म्हणून कुणी चार पैसे जास्त देत नाही. मात्र त्या अमेरिकन टी-शर्टाचे गुपित मला कळले होते. लोक कापड विकत घेत नव्हते, त्या गमतीत सामील होण्याचे तिकीट घेत होते. रस्त्यात कुणी विचारते, ‘हे काय लिहिले आहे?’ आणि घालणाऱ्याला सोंग वठवायची संधी मिळते. मी म्हटले, आपणही एक लुटुपुटीची चळवळ काढू.

चळवळीचा विषय मीच शोधला : शिळी पोळी. एप्रनवर लाल अक्षरांत छापले, ‘शिळ्या पोळीला न्याय मिळालाच पाहिजे!’ सोबत मागण्यांचे एक पत्रकही तयार केले. फोडणीच्या पोळीला न्याहारीत मानाचे पान द्यावे. गूळतुपाच्या लाडवाला पक्वान्नांत जागा असावी. पोळीचा कुस्करा ‘काल उरल्या म्हणून’ असे न म्हणता ‘मुद्दाम केला’ असे सांगून वाढावा. तुम्ही सगळ्या खदखदून हसलात. पत्रक वाचून दाखवताना अध्यक्षबाईंना ठसका लागला होता, तोही आठवत असेल. १०० एप्रन शिवायचे ठरले. आनंदमेळाव्यात पहिल्याच संध्याकाळी ६० खपले. मला तर आपण मोठ्या उद्योजक झालो असे वाटू लागले.

दुसऱ्या दिवशी वर्गात उरलेल्या ४० एप्रनांना नाड्या लावणे चालले होते. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई वर्गात शिवतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांनी एक एप्रन हातात धरून अक्षरे सावकाश वाचली आणि हसतच मला विचारले, “बाई, मले एक सांगा. न्याय कोनाले पायजे? शिळ्या पोळीले, का शिळी पोळी खानाऱ्याले?”

वर्गात हशा पिकला. त्याही हसल्या. मी हसायला गेले, पण हसू तोंडातच राहिले.

भगिनींनो, त्यांच्या प्रश्नात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्यामुळे तो मला जास्त लागला. त्या रोज सकाळी माझ्या घरी २० पोळ्या लाटतात. तव्यावरून उतरलेली पोळी आमच्या ताटात पडते. आणि काम संपल्यावर चहाबरोबर त्यांच्या हातावर मी जी पोळी ठेवते, ती कालची. इतकी वर्षे ठेवत आले. त्यात मला कधी वावगे दिसले नाही. उलट ‘आम्ही रिकाम्या पोटी पाठवत नाही’ याचा अभिमानच होता. ताजी पोळी करणारीने शिळी खायची, आणि शिळ्या पोळीचा कैवार घेणारे एप्रन मी बांधायचे! माझी थट्टा माझ्या लक्षात न येता तिच्या पाठीवर जाऊन बसली होती.

मी ते ४० एप्रन घडी करून कपाटात ठेवले. विक्री का थांबली असे तुम्ही विचारलेत, तेव्हा मी ‘रंग जातो’ असे काहीतरी सांगितले. ते खरे नव्हते. रंग पक्का आहे. आज तुमच्यापुढे कबूल करते.

त्यानंतर पोळा आला आणि दुसऱ्या दिवशी मारबत. आपण नागपूरकर, आपल्याला मारबत काय सांगायची? काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची सांगतात. दोघींच्या मिरवणुका इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ भेटतात, आणि मुंगी शिरायला जागा नसते. त्यांच्याबरोबर निघतात ते बडगे. बांबू, कागद, जुने कपडे यांचे पुतळे, आणि गळ्यात पाटी. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, त्या त्या वर्षी ज्याने लोकांना छळले असेल त्याचा बडग्या. रोगराई घेऊन जा, महागाई घेऊन जा, असा पुकारा होतो आणि शेवटी पुतळे गावाबाहेर नेऊन जाळतात.

लहानपणापासून मी ही गर्दी पाहिली, पण या वर्षी नातीचा हात धरून उभी असताना प्रथमच वेगळे काही दिसले. टी-शर्ट निघण्याच्या शंभर-सव्वाशे वर्षे आधीपासून आमच्या गावाला हे ठाऊक आहे, की कपडे चढवून, गळ्यात पाटी अडकवून, गंभीर चेहऱ्याने थट्टा कशी करावी! आणि आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. मी मिरवणुकीत जेवढे बडगे पाहिले, त्यांत महागाईचा बडग्या होता. महागाईने गांजलेल्या माणसाचा नव्हता. आजाराचा होता, आजाऱ्याचा नव्हता. बडग्याचे बोट नेहमी छळणाऱ्याकडे असते. माझ्या एप्रनचे बोट कुणीकडे होते, ते मी छापताना पाहिलेच नव्हते.

याच नागपुरात जन्मलेल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी समाजातल्या वेडगळ चालीरीतींची भरपूर टर उडवली. पण ती उडवताना त्यांनी सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या अशी आपलीच मंडळी पुढे केली आणि आधी त्यांचेच हसे करून घेतले. विनोद करणाऱ्याने पहिला रंग स्वतःच्या अंगावर उडवून घ्यावा, हा शिमग्याचाही नियमच आहे.

कुणी म्हणेल, एवढ्याशा एप्रनची एवढी चिकित्सा कशाला? कापडच तर आहे. पण याच गावात १९२३ मध्ये झेंडा सत्याग्रह झाला. हातभर खादीचा झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जायचे, एवढेच करायचे होते, आणि त्यासाठी देशभरातून माणसे येऊन तुरुंगात गेली. जमनालाल बजाज पकडले गेले, मग वल्लभभाई पटेल पुढे आले, सुभद्राकुमारी चौहान यांच्यासारख्या स्त्रियाही त्यात उतरल्या. त्या कापडावर एक अक्षरही छापलेले नव्हते. ज्या गावाने कापडाला एवढे वजन येताना पाहिले, त्याने कापडावर छापलेल्या शब्दाला ‘गंमतच तर आहे’ म्हणून सोडून देऊ नये. खऱ्या चळवळीत माणूस स्वतः काही सोसतो. लुटुपुटीच्या चळवळीत काही सोसावे लागत नाही, म्हणूनच आपल्या हसण्याचा भार दुसऱ्या कुणावर पडत नाही ना, एवढे तरी पाहावे.

मग मी काय केले ते सांगते. घरी एक साधा बदल केला. आता सकाळचा स्वयंपाक झाला की आम्ही दोघी एकाच वेळी बसतो, आणि तव्यावरची पोळी दोन्ही ताटांत पडते. उरलेल्या पोळ्यांची संध्याकाळी फोडणीची पोळी होते आणि ती घरच्या सगळ्यांना खावी लागते. आमच्याकडे आता पोळ्या फारशा उरतच नाहीत. ज्याला शिळी खावी लागते, तो मोजून करायला सांगतो, हे मला साठी उलटल्यावर कळले! यात मी फार मोठे काही केले असे मुळीच नाही. इतक्या वर्षांचे देणे होते, त्यातला पहिला हप्ता फेडला.

आणि मंडळाच्या एप्रनांचे? मी वर्गात जाऊन सगळ्यांना खरे काय ते सांगितले आणि म्हटले, नवी चळवळ तुम्हीच सुचवा. बराच वेळ कुणी बोलेना. मग त्याच बाई म्हणाल्या, “आमचा मानूस दिवसभर राबते, त्याचं काई म्हननं नाई. पन घरी आला का खाटेवर बसून म्हनते, पानी आन. माठ त्याच्या हातापाशी ठेवला असते! त्याले दिसतच नाई.”

मी म्हटले, “अहो, आमच्याकडेही तेच! आमच्या घरी तर फिल्टर भिंतीला ठोकला आहे, तरी दिसत नाही.” दुसरी म्हणाली, मुलाला दिसत नाही. तिसरी म्हणाली, सासऱ्यांना दिसत नाही. १४ घरांतली एकच तक्रार निघाली. वर्गात असा हशा झाला की खालच्या मजल्यावरचे लोक वर पाहू लागले. नात शेजारीच होती, ती म्हणाली, “आजी, तिकडे पक्षी खरे नाहीत म्हणतात. आपण म्हणू या, माठ खरा आहे!”

तर भगिनींनो, आपल्या मंडळाची नवी चळवळ ती हीच. तिचे म्हणणे असे, की घरातल्या पुष्कळ पुरुष मंडळींना माठ ही केवळ दंतकथा वाटते. पण आमच्याजवळ पुरावे आहेत. माठ असतो. तो स्वयंपाकघरात, खिडकीशी, तिवईवर असतो. त्याला ओगराळे असते, शेजारी पेला असतो, आणि तो पेला पुरुषाच्या हातालाही उचलता येतो. शंकेखोरांसाठी मंडळातर्फे माठाचे प्रत्यक्ष दर्शनही घडवले जाईल. नागपूरचा मे महिना आहे. भाविकांची उणीव पडणार नाही.

या थट्टेचे बोट कुणाकडे आहे, ते या वेळी मी आधी पाहून घेतले. ते खुर्चीवर बसलेल्याकडे आहे, आणि तो खुर्चीवरचा माणूस त्यांच्या घरी आहे तसा माझ्याही घरी आहे. आमच्या घरच्या खुर्चीवरच्या माणसाने एप्रन वाचला, दोन मिनिटे गप्प बसले, आणि उठून स्वतः पाणी घेऊन आले. येताना माझ्यासाठीही आणले. चळवळीला मिळालेले हे पहिले यश इतिवृत्तात नोंदवावे, अशी माझी चिटणीसबाईंना विनंती आहे.

नव्या एप्रनांचे टेबल बाहेर दाराशी मांडले आहे. शिलाईचे पैसे शिवणाऱ्यांच्या हाती जातात, हे वेगळे सांगायला नकोच. कपाटातल्या ४० एप्रनांचे कापड पाठीमागून कोरे आहे. वर्गातल्या बायका ते उलटवून त्याच्या पिशव्या शिवतील, अक्षरे आत राहतील. त्यात मंडळाला खोट आली ती मी भरून देते आहे. पाकीट आणले आहे, सभा संपल्यावर खजिनदारबाईंनी मोजून घ्यावे. म्हणजे पुढच्या वर्षी जमाखर्च वाचताना त्यांना चष्म्यावरून पाहावे लागणार नाही.

फार वेळ घेतला. बाहेर चहा आहे आणि कोपऱ्यात पाण्याचा माठ ठेवला आहे. तो खरा आहे; आपापला पेला आपण भरून घ्यावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.